तिरपी फणी

टांडापेठेतल्या जागेश्वरकडे बिघडलेला टेपरेकॉर्डर घेऊन गेलेला माणूस तासाभराच्या आत काही परत येत नसे. दुरुस्तीला वेळ लागे असं नाही, ती दहा मिनिटांत उरकायची. बाकीचा वेळ जागेश्वर समजावून सांगण्यात घालवी. काय बिघडलं, कशानं बिघडलं, त्याला इंग्रजीत काय म्हणतात आणि खरं म्हणजे काय म्हणायला पाहिजे, हे गिऱ्हाइकाच्या डोक्यात शिरेपर्यंत तो मशीन हातातून सोडत नसे. घाईचा माणूस चुळबुळ करी, सायकलला कुलूप लावलं नाही म्हणून सांगे. जागेश्वर म्हणे, "बस ना गा दोन मिन्ट. समजून घेतलं त पुढच्या वेळेस बिघडवणार नाहीस." दोन मिनिटांचा पाऊणतास होई, मधे एक चहा येई, आणि त्या चहामुळे माणसाला उठणंही जड जाई.

समजावणं सगळं मागाच्या भाषेत चाले. जागेश्वर मूळचा उमरेडच्या विणकराच्या घरातला. मिसरूड फुटायच्या आधीपासून मागावर बसलेला. चौसष्ट साली बायकोला घेऊन एसटीनं नागपुरात आला, आधी हातमागावर आणि मग यंत्रमागावर राबला. कानाशी चोवीस माग एकदम खडखडत, तरी आपल्या मागाचा धागा तुटला की त्याला आवाजावरून कळे. एकदा साड्यांचं गाठोडं घेऊन जाताना एका लग्नाच्या मांडवापाशी तो थबकला. लाउडस्पीकरवर रेकॉर्ड लागली होती आणि जागेश्वर उगाच तोंड वाकडं करून उभा होता. लाउडस्पीकरचे मालक बाबनराव खेकसले, "काय पायतं बे?" जागेश्वर म्हणाला, "तुमचं चाक अडखळून राहिलं. पट्टा ढिला हाय." बाबनरावांनी उघडून पाहिलं, तर खरंच ढिला. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी त्याला मागावरून उठवून आपल्या दुकानात आणलं.

बाबनरावांना इंग्रजी शब्द सगळे पाठ होते, अर्थ एकाचाही माहीत नव्हता. "ट्रेबल कमी कर," ते म्हणत. "ट्रेबल म्हणजे काय?" जागेश्वर विचारी. "ट्रेबल म्हणजे हे बटन!" यापुढे त्यांचं ज्ञान जात नसे. जागेश्वरचं समाधान बटणावर होणारं नव्हतं. अर्थ कळल्याशिवाय त्याच्या हाताला काम सुचत नसे, आणि कोणी अर्थ सांगत नव्हतं म्हणून तो स्वतःच लावत बसला.

इंचात धागे जास्त बसले की कापड दाट, कमी बसले की विरळ, हे त्या मोहल्ल्यात कोणाला सांगावं लागत नव्हतं. तसंच सेकंदात हवा किती वेळा हलते त्यावर आवाज जाडा की बारीक ते ठरतं, आणि लोक फ्रिक्वेन्सी, फ्रिक्वेन्सी म्हणतात ती हीच, असं त्यानं स्वतःशी पक्कं केलं. मग बेस झालं जाडं सूत, ट्रेबल झालं बारीक सूत. टेपच्या आवाजामागे जी अखंड सूं चालू असते, जिला शिकलेले लोक हिस म्हणतात, ती झाली सुताची लव. चांगल्या सुतालाही थोडी असतेच, पण जास्त झाली की कापड खरखरीत. टेप सारख्या ताणानं ओढली गेली नाही आणि गाणं लहरायला लागलं की सूत गुंडाळलेली कांडी ढिली भरली. आणि टेप ज्याच्यावरून घासून जाते ते हेड म्हणजे फणी. मागावर धाग्यांना सारख्या अंतरानं धरणारी फणी केसभर कलली तरी विणणाऱ्याला कळतं. "हेडचं तेच हाय," जागेश्वर सांगे. "फणी तिरपी झाली त जाडं सूत कसंबी निघून जाते. बारीक सूत पहिले मरते."

त्र्याहत्तरमध्ये बाबनराव गेले आणि जागेश्वरनं घराच्या पुढच्या खोलीत आपलं दुकान थाटलं. मागच्या खोलीत बायको तुळजाबाई रहाट फिरवत शेजारच्या मागवाल्यांसाठी कांड्या भरे. दोन्हीत जुन्या साडीचा पडदा. कॅसेटी आल्या, घरोघर टेपरेकॉर्डर झाले, आणि जागेश्वरचं नाव इतवारीपासून महालापर्यंत पोचलं. लोक म्हणत, मशीनवाले पुष्कळ आहेत, कानवाला एकच. हे वाक्य कोणी तोंडावर म्हटलं की जागेश्वर खाली बघून पेचकस शोधायला लागे. पेचकस हातातच असे.

महाल पेठेत राहणाऱ्या कुसुमताई गाणं शिकवत. त्यांच्या शिकवणीची सगळी टेपं, ॲम्प्लिफायर, भोंगे जागेश्वरच्या हाताखालचे. त्यांना त्याचे शब्द इतके आवडत की शिष्यिणींनाही त्या सांगत, तुझा आवाज छान आहे गं, पण लव फार. शहाऐंशीच्या मे महिन्यात त्यांचा भाचा शालिकराम मस्कतहून आला आणि येताना एक चपटी पेटी घेऊन आला. तिच्यात आरशासारखी चकती घालायची आणि गाणं ऐकायचं. पेटीची पिन काही ताईंच्या ॲम्प्लिफायरला बसेना, म्हणून जागेश्वरला बोलावणं गेलं.

जागेश्वर पोचला, पिन कापून नवी लावायला बसला. ॲम्प्लिफायर पुढे ओढताना त्याला दिसलं, ट्रेबलचं बटण डावीकडे पार शेवटापर्यंत फिरवलेलं. "हे कोणं एवढं खाली करून ठेवलं?" त्यानं विचारलं. "मीच केलं," ताई घाईनं म्हणाल्या. "राहू द्या तसंच." त्याला नवल वाटलं, पण पेटीची ओढ जास्त होती.

"हिच्यात काय काय लिहून हाय, वाच बरं," तो शालिकरामला म्हणाला. शालिकरामनं पुस्तिका उघडली. "डिजिटल ऑडिओ. सॅम्पलिंग रेट, चव्वेचाळीस हजार एकशे."

जागेश्वरचा पिनेला डाग देणारा हात थांबला. सॅम्पल त्याला चांगलं माहीत होतं. व्यापाऱ्याला कापडाचं थान विकण्याआधी वीतभर तुकडा दाखवायला न्यायचा, ते सॅम्पल. आणि रेट म्हणजे भाव.

"बापा!" तो म्हणाला. "नमुन्याचाच भाव एवढा? मंग अख्ख्या थानाचा किती घेईन हा माणूस?"

शालिकराम हसता हसता खुर्चीवरून घसरला. कुसुमताईही पदर तोंडाला लावून हसल्या. जागेश्वरही हसला, पण त्याचं डोकं शब्दाला चिकटून बसलं होतं. त्यानं शालिकरामला उठवून पुन्हा वाचायला लावलं. भाव नाही, दर सेकंदाला इतके नमुने, असं निघालं. आवाजाचा अखंड धागा घ्यायचा नाही, एका सेकंदात चव्वेचाळीस हजार शंभर वेळा त्याचा नमुना बघायचा आणि तो केवढा आहे ते लिहून ठेवायचं.

"म्हणजे फणीचीच घरं," जागेश्वर म्हणाला. "घरं दाट, त बारीकातलं बारीक सूत सापडते. विरळ, त निसटते. बरं, लिहून कशात ठेवते?"

"आकड्यांत. सोळा बिट. बिट म्हणजे एकतर एक नाहीतर शून्य."

यावर जागेश्वरनं डागाची सळई बाजूला ठेवली. मग पुस्तिकेच्या पाकिटावर पेन्सिलीनं दोनाचे चार, चाराचे आठ असं करत सोळा पायऱ्या उतरला आणि पासष्ट हजार पाचशे छत्तीसवर येऊन थांबला. "सोळा धागे समजा," तो म्हणाला. "एकेक धागा एकतर वर, एकतर खाली. तिसरं काही नाही. एवढ्यावर पासष्ट हजार तऱ्हा होतेत. अरे, हे त काठावरचा मोर विणाचं काम हाय! चौकटीच्या कागदावर नक्शा काढतो का नाही आपण? या चौकटीत धागा वर, या चौकटीत खाली. हे त्यानं आवाजाचा नक्शा काढला."

मग त्याला थांबवणं कठीण झालं. टेपवरून टेप काढणं म्हणजे कापड बघून कापड विणणं, दर वेळेला थोडी चूक वाढणार, दहाव्या साडीवर मोराची कोंबडी होणार. पण नक्शा हातात असला तर उमरेडात विणा नाहीतर मस्कतात, मोर तोच. शालिकराम मस्कतला दोन वर्षं अशीच यंत्रं विकत होता, पण आपण काय विकतो हे त्याला त्या दिवशी महालात कळलं. तसं तो मोकळेपणानं म्हणालाही.

"आता ऐका काका," त्यानं चकती लावली. "गाणं नाही, गाण्याच्या आधी काय आहे ते ऐका."

कूलर बंद केला. कुसुमताईंनी डोळे मिटले. "अगबाई," त्या पुटपुटल्या. "काहीच नाही! जागेश्वरभाऊ, लव नाही हो, नावालाही नाही!" मग शालिकरामनं तुलनेसाठी जागेश्वरनंच महिन्यापूर्वी भरून दिलेली कॅसेट लावली. जागेश्वरनं कान दिला. त्याला तिथेही लव ऐकू आली नाही.

"हिच्यात तरी कुठी हाय?" तो म्हणाला. "दोन्ही सारखेच हायेत."

शालिकराम हसला. "काय काका, स्टोव्ह पेटल्यासारखी सूं येऊन राहिली!"

"राहू दे रे," ताई मधेच म्हणाल्या आणि त्यांनी टेप बंद केला. "टेपची गोडी वेगळीच असते." त्या जागेश्वरकडे न बघता चहा आणायला आत गेल्या.

घरी येईपर्यंत जागेश्वर धुमसत होता. पोराला मस्कतची हवा लागली, स्वतःची पेटी भारी दाखवायला माझ्या कॅसेटीला नावं ठेवतो, असं त्यानं तुळजाबाईला तीनदा ऐकवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, गल्लीतले माग जेवणासाठी थांबले तेव्हा, त्यानं कपाटातून टोनची पेटी काढली. ही त्यानंच जोडलेली. बटण फिरवलं की जाड्यापासून बारकापर्यंत एकेक सूर निघे आणि काटा आकडा दाखवी. आधी पेटीनं आपलं मशीन तपासायचं, मग ती कॅसेट, आणि कागदावर आकडे लिहून शालिकरामच्या नाकासमोर धरायचे, असा त्याचा बेत. काटा भरभर चढवत तो सात हजारांवर आला आणि थबकला. पेटी मुकी झाली होती. आतली तार सुटली असणार म्हणून त्यानं पेचकस घेतला.

"अवो, बंद करा ना ते!" पडद्याआडून तुळजाबाई ओरडली. "कानात सुई टोचून राहिली!"

"बंदच त हाय," जागेश्वर म्हणाला.

"कायची बंद? किती बारीक वाजून राहिलं!"

जागेश्वरनं पेचकस खाली ठेवला. काटा थोडा वर नेला. "आता?"

"आता दात शिवशिवून राहिले. काय करून राहिले तुमी?"

त्यानं काटा हळूहळू खाली आणला. सहा हजार, काही नाही. पाच, काही नाही. चार हजारांच्या जरा खाली, लांब कुठेतरी शिट्टी वाजावी तसा सूर त्याला लागला. त्यानं पुन्हा वर जाऊन पुन्हा खाली आणला. तिसऱ्यांदाही काटा त्याच जागी आला तेव्हा त्यानं पेटीची वायर काढली आणि तिथेच जमिनीवर बसून राहिला.

मागांचा खडखडाट आणि नंतर बाबनरावांचे भोंगे, यांनी हळूहळू त्याच्या कानातलं बारीक सूत कुरतडलं होतं आणि त्याला पत्ता लागला नव्हता. उलट गेली दोन वर्षं लव कमी झाली म्हणून तो स्वतःच्या हातावर खूष होता. बारीक सूत नीट ऐकू यावं म्हणून ट्रेबल चढवत होता, आणि त्याबरोबर लवही चढत होती. कॅसेट घरी नेऊन लोक मुकाट्यानं बटण खाली फिरवत असणार. कुसुमताईंचं ते डावीकडे टेकलेलं बटण त्याला आठवलं आणि त्याला रडू आलं. त्यानं तोंडावर दुपट्टा ओढला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. कोणी दार वाजवलं की आतून सांगे, तब्येत नाही. कान गेल्याचं दुःख होतंच, पण त्याला जास्त झोंबत होतं ते लोकांचं गोड वागणं. एकानंही तोंडावर सांगू नये? तो तासतासभर त्यांना फणी आणि लव शिकवत बसला, आणि ते मान हलवत खरखरीत कॅसेट घेऊन गेले! कानवाला म्हणून जे नाव होतं, तेच खोटं पडलं. पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं आता परत मागावर बसायचं का, एवढाच विचार त्याच्या डोक्यात फिरत राहिला.

आठव्या दिवशी कुसुमताई स्वतः आल्या. जागेश्वर आत भिंतीकडे तोंड करून पडून होता. ताईंच्या गुरू रुखमाबाई वारल्या त्याला जूनमध्ये बारा वर्षं होत होती. त्यांच्या गाण्याची एकच मोठी रीळ उरली होती, सत्तर साली खुद्द जागेश्वरनं बाबनरावांच्या मशीनवर भरलेली. ती आता चिरकत चालली होती. पुण्यतिथीला जुन्या शिष्यिणी जमणार, तेव्हा ती ऐकवायची आणि प्रत्येकीला कॅसेट द्यायची. हे सगळं त्या पडद्यापलीकडे तुळजाबाईला सांगत होत्या आणि जागेश्वर मनातल्या मनात तिला बजावत होता, नाही म्हण, दुकान बंद झालं म्हणून सांग.

तुळजाबाई रीळ छातीशी धरून आत आली. "घेतली मी."

"काहून घेतली?" तो ताडकन उठला. "कोणाच्या कानानं करू?"

"माह्या."

"तुले काय समजते त्यातलं?"

तुळजाबाईनं रीळ खाटेवर ठेवली. ती सहसा आवाज चढवत नसे. त्या दिवशी चढवला. "लव म्हणजे काय, समजते मले. कांडी ढिली भरली त आवाज लहरते, समजते. फणी तिरपी झाली त बारीक सूत पहिले मरते, ते बी समजते. इतकी वर्सं पडद्याच्या तिकडून तुमी जगाले शिकवून राहिले. मी काय बहिरी होती?"

शब्द तोंडातून गेला आणि ती चपापली. जागेश्वर तिच्याकडे बघत राहिला. आपला एकही शब्द वाया गेला नव्हता, इथे दहा पावलांवर रहाट फिरवत कोणीतरी सगळं ऐकून ठेवलं होतं, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याला लाज वाटली आणि त्याच वेळी बरंही वाटलं. त्यानं खाटेवरची रीळ उचलली.

"चाल," तो म्हणाला. "पंखाबी बंद कर."

माग थांबत तो दुपारचा एकच तास त्यांना मिळे. नागपूरचा मे, कूलर बंद, पंखा बंद, दार लावलेलं. तुळजाबाईच्या अंबाड्यावर हेडफोन बसेना म्हणून तिनं केस खाली सोडून गाठ मारली. जागेश्वरनं स्पिरिटनं हेड पुसलं, रीळ चढवली आणि हेडच्या बाजूच्या बारक्या स्क्रूवर पेचकस टेकवला. रुखमाबाईंचा आवाज त्याला ऐकू येत होता. तंबोऱ्याचं गुंजन खालून येत होतं, पण वरचं तेज त्याला लागत नव्हतं, आणि फणी सरळ आहे की नाही ते त्या तेजावरच कळतं.

"कसं हाय?"

तुळजाबाईनं डोळे मिटले. "घोंगडी पांघरून गाऊन राहिली बाई."

त्यानं स्क्रू किंचित फिरवला. "आता?"

"वाईट झालं. फणी उलटी कलली. मांगं घ्या."

"आता?"

"हं. निघून राहिलं बारीक सूत. अजून. अजून थोडं. बस!" तिनं त्याचा हातच धरला. "बस बस बस! आता बाईचा श्वासबी आयकू येऊन राहिला."

ट्रेबलचं बटण मात्र त्याला सुटत नव्हतं. हात सवयीनं उजवीकडे जाई आणि तुळजाबाई चापट मारून परत आणी. "लव वाढवून राहिले तुमी." एकदा त्यानं वाद घातला की एवढं खाली केलं तर गाणं मेलं. तिनं हेडफोन काढून त्याच्यापुढे धरले. तुमीच आयका, असं तिच्या ओठांवर आलं होतं, पण तिनं ते गिळलं आणि हेडफोन पुन्हा कानावर चढवले. "माह्यावर भरोसा ठेवा," ती म्हणाली. त्यानं बटण सोडलं. आयुष्यात पहिल्यांदा तो न ऐकता काम करत होता, आणि ते त्याला मागावर बसायला शिकला तेव्हापेक्षा अवघड गेलं. पाच दुपारी लागल्या. अंग घामानं निथळे, टेपवर थेंब पडू नये म्हणून तुळजाबाई एका हातानं पदराचा वारा घालत राही. सहाव्या दिवशी बारा कॅसेटी भरून तयार होत्या.

पुण्यतिथीच्या दिवशी सकाळी कुसुमताईंच्या दिवाणखान्यात वीस-बावीस बायामाणसं सतरंजीवर बसली. शालिकराम मशीनजवळ होता. जागेश्वर आणि तुळजाबाई दारापाशी टेकले. ताईंनी आधीच एक कॅसेट ऐकली होती. त्या बोलायला उभ्या राहिल्या, गुरूंविषयी चार शब्द बोलल्या, आणि मग म्हणाल्या, "हे गाणं आज आपल्याला इतकं स्वच्छ ऐकायला मिळतं आहे ते आमच्या जागेश्वरभाऊंच्या कानामुळे. असा कान नागपुरात दुसरा नाही."

माणसांनी टाळ्या वाजवल्या. माना मागे वळल्या. जागेश्वरनं खाली बघितलं. नाव परत आलं होतं, समोर ठेवलेलं होतं, गप्प बसलं की झालं. दुकान उद्या उघडता आलं असतं. तुळजाबाई तर काही बोलणार नव्हती, ती भिंतीकडे बघत बसली होती.

तो उठला. "ताई," तो म्हणाला, आणि घसा खाकरून पुन्हा म्हणाला, "ताई, कान माह्या नाही. माह्ये कान दोन वर्सं झाले गेले. चार हजाराच्या वरचं मले काही आयकू येत नाही. माह्या कॅसेटीत लव होती, शालिकराम खरं बोलला. हे काम इच्या कानानं झालं." त्यानं तुळजाबाईकडे हात केला. "मी नुसता स्क्रू फिरवला."

तुळजाबाईनं लाजून पदर पार कपाळावर ओढला. कुसुमताई दोघांकडे बघत होत्या. "भाऊ, मला कळलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "सांगायची हिंमत झाली नाही. माझं चुकलं."

"सांगाचं होतं ताई," जागेश्वर म्हणाला. त्यात राग नव्हता. "दुकान उद्या उघडतो. पण आता दोघं बसू. तक्रार असन त इले सांगा, इच्यापासून काही लपत नाही."

शालिकराम पुढे आला आणि त्यानं जागेश्वरचे पाय धरले. मग जाऊन टेप लावला.

रुखमाबाई गायला लागल्या. जागेश्वर डोळे मिटून ऐकत होता. त्याला जेवढं मिळत होतं तेवढंही पुष्कळ होतं. शेवटी भजन आलं आणि दिवाणखान्यात बसलेल्या बायका एकदम हलल्या, दोघीतिघींनी एकमेकींकडे बघून मान डोलावली. काहीतरी वाजत होतं. जागेश्वरला ते कळत नव्हतं. सोळा वर्षांपूर्वी हे भजन त्यानंच भरलं होतं, आणि त्यात रुखमाबाईंच्या शेजारी बसून कोणीतरी मंजिऱ्या, त्या बारक्या किणकिणत्या झांजा, वाजवल्या होत्या, एवढं त्याला आठवत होतं. त्यानं तुळजाबाईकडे मान वळवली. "मंजिऱ्या?"

तिनं मान हलवली. मग इकडेतिकडे न बघता तिनं हात पुढे केला आणि त्याच्या गुडघ्यावर एका बोटानं ठेका धरला. मंजिरी वाजली की बोट पडे, थांबली की थांबे.

लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. चार माणसांत तिनं त्याला कधी हात लावला नव्हता. जागेश्वरच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते गालावरून खाली ओघळत होतं. त्यानं ते पुसलं नाही. आपण हललो तर तिचं बोट थांबेल, अशी त्याला भीती वाटत होती.